डोंगळ्यावरची माशी

मार्चचा दुसरा रविवार. दुपारची भांडी आवरली आणि फोटो निवडायला बसले. आदल्या दिवशी चांदवडला भावाच्या शेतावर डोंगळ्यांचे फोटो काढले होते. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याला फुलांचा जो पांढरा गोंडा येतो, तो डोंगळा. माझी भावजय यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने बियाणं विकणार होती. पाकिटावरचा फोटो देण्याचं मीच हौसेने कबूल केलं होतं, आणि सोमवारी सकाळी तो छापखान्यात पोचायला हवा होता.

कॅमेरा हातात धरून इतक्या जवळून फूल टिपायचं म्हणजे अर्धे फोटो वाऱ्याला जातात. डाव्या हाताच्या बोटांत दांडा धरायचा, श्वास रोखायचा आणि ओळीने फोटो काढत सुटायचं. हललेले बाजूला काढायचे, त्यांच्यावर जीव लावायचा नाही. उरलेल्यांवर काम थोडंच असतं. कडेचा पसारा कापायचा, पांढऱ्याचा भगभगीतपणा खाली आणायचा, सावलीत जरा उजेड आणि शेवटी कडा ठळक व्हायला थोडी धार. यापुढे गेलं की फूल प्लास्टिकचं दिसतं.

एक फोटो झकास आला होता. पाकळीवरची हिरवी रेघसुद्धा स्वच्छ. फक्त वरच्या बाजूला एक धूसर तपकिरी ठिपका होता. तो पुसला आणि फोटो भावजयीला पाठवला. लगेच तिचा फोन आला.

“ताई, फोटो लय भारी. पण माशी कुठं गेली?”

“कुठली माशी?”

“मधमाशी. मी शेजारीच उभी होते की. बसलेली होती.”

“ती होय. डाग वाटला, पुसली.”

“पुसली? अहो, तिच्यापायी आम्ही फुलोऱ्यात एक फवारणी केली नाय. तुमचे भाऊ त्या मधपेट्यांपुढं जावई आल्यासारखे वागतात, आणि तुम्ही एका बोटानं पुसली.”

“गोंडा छान दिसतोय ना पण?”

“दिसतोय. हारात ओवायला. आमचं गिऱ्हाईक शेतकरी हाय, ताई. माशी फिरली नाय तर बी भरत नाय, हे त्याला ठाऊक असतं. आमचं नाव नवीन. माशी दिसली तर तो पाकीट हातात तरी घेईल.”

मुद्दा बिनतोड होता. पुसलेलं परत आणलं, पण माशी धूसरच. धार वाढवली तर तिचा बेदाणा झाला. टिपतानाच जे हललं, ते नंतर कुठल्याही बटणाने जागेवर येत नाही.

मग बाजूला काढलेले फोटो पुन्हा चाळले. एकात माशी लख्ख होती, पायांना पराग चिकटलेला. मागचा अर्धा गोंडा मात्र धुरकट, म्हणूनच तो नापास केला होता. धुरकट भाग कापला, उजेड किंचित वाढवला, पाठवला.

“आता कसं?”

“आता कसं शेतातलं वाटतंय. हाच द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूर रोडच्या छापखान्यात गेले. नमुन्याच्या कागदावर फोटो माझ्या पडद्यावरच्यापेक्षा काळवंडलेला आला; माशीचे पाय दिसेनात. तिथेच संगणकापुढे खुर्ची मागून घेतली, सावल्या थोड्या उजळल्या आणि दुसरा नमुना काढायला लावला. पाय दिसले. छापा म्हटलं आणि ऑफिसला गेले.