अर्धा राहिलेला चहा

विम्याचा एजंट समोर बसून आल्याच्या चहाचे भुरके मारत होता. फॉर्म भरता भरता, मान वर न करता त्याने विचारलं, "काका, आधी काही मोठा आजार?"

मी म्हटलं, "हिपॅटायटिस सी होता. तीन महिने गोळ्या घेतल्या, बरा झालो. हा रिपोर्ट बघा, रक्तात आता विषाणू नाही."

रिपोर्टला त्याने हात लावला नाही. अर्धा भरलेला कप मात्र एका बोटाने हळूच दूर सरकवला. "कंपनी नाही घेणार, काका."

त्या चहावर साय धरत गेली आणि माझं डोकं तापत गेलं. कंपनीचा राग आहेच. तिच्या फॉर्मवर 'झाला होता का' एवढंच विचारलंय, 'बरा झाला का' लिहायला जागाच नाही. पण हे बोट? कपातून हा आजार पसरत नाही एवढंही ठाऊक नसलेला माणूस लोकांना आरोग्याचा विमा विकत फिरतो! माझ्या रक्तातून जे गोळ्यांनी गेलं, ते या बोटातून कशाने जाणार?

मी तो कप उचलला आणि त्याच्यादेखत त्याचा उष्टा चहा एका घोटात संपवला. त्याला कुठले आजार आहेत, ते मी विचारलं नाही.