गाडीतला येळकोट

शिवांजलीकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं तेव्हा ती गाडी चालवत होती. गाडी मात्र जागेवरच उभी होती. माकणीत आमच्या ओसरीसमोर त्यांचं अंगण. तिथं कडुलिंबाखाली पांढरी गाडी, स्टीअरिंगवर ही, आणि मागच्या सीटवर तिची तीन मुलं.

"लोहारा आलं. तोंड उघडा," ती म्हणायची. तिन्ही तोंडं उघडली की मागं वळून एकेक घास भरवायची. मग तुळजापूर, मग सोलापूर. ताट रिकामं होईपर्यंत ती मंडळी पार पुण्यापर्यंत पोचत. घरात घडीभर एका जागी न टिकणारी मुलं गाडीत बसतात, हे तिनं हेरलं होतं.

गाडीची किल्ली तिच्याकडे नव्हती. ती सासूबाईंच्या, कस्तुराबाईंच्या कमरेच्या चंचीत सुपारीशेजारी असायची. नवरा इंद्रजित राज्याच्या सीमेपलीकडच्या साखर कारखान्यावर नोकरीला. गाळप सुरू झालं की तो चार-पाच महिने घरी फिरकत नसे. त्यानंच तिला कालव्याच्या रस्त्यावर गाडी शिकवली, लायसन काढून दिलं आणि तो निघून गेला. किल्लीचं काय, हे आईला सांगायचं मात्र त्याच्याकडून राहून गेलं.

थोरले दोघे, कृष्णराज आणि महारुद्र, लोहाऱ्याच्या शाळेत जीपनं जायचे. त्या जीपमध्ये मुलं दारापर्यंत लोंबायची. रोज सकाळी जीप वळणाआड जाईपर्यंत शिवांजली रस्त्यात उभी असायची. पोरांना आपण स्वतः सोडावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"आधी देवाला नेऊन आण," कस्तुराबाई एकदा म्हणाल्या. "पोरं जशी नेली तशी परत आण. मग किल्लीचं बघू."

धाकटा वैजू आजारातून उठल्यावर त्यांनी खंडोबाला तळी बोलली होती. तळी म्हणजे ताम्हणात भंडारा, खोबरं, सुपारी ठेवून पाच पुरुषांनी देवाच्या नावानं ते उचलायचं. इंद्रजित नव्हता, म्हणून मला, समोरच्या गुरुजींना, बोलावलं. तीन मुलं, मी आणि पाचवा तिथं भेटेल तो, असा हिशेब होता. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला.

निघताना शिवांजलीनं सासूबाईंना विचारलं, "आत्या, देव अणदुरातच हाय का नळदुर्गाला?"

अणदूर आणि नळदुर्ग मिळून खंडोबाची मूर्ती एकच. वर्षातला बराचसा काळ ती अणदूरला असते, आणि थंडीच्या दिवसांत नळदुर्गाला जाऊन पौष पुनवेनंतर परतते.

"मागल्या साली संक्रांतीनंतर आपण कुठं गेलो होतो?"

"अणदूरला."

"मग? चाळीस वर्सं जातेय म्या. मला देव शिकवू नको, गाडी बघ."

मी पुढं बसलो. मागं एका खिडकीशी कृष्णराज, दुसऱ्या खिडकीशी महारुद्र, मधे कस्तुराबाई आणि त्यांच्या मांडीवर वैजू. शिवांजलीनं महारुद्रच्या हातात लिंबू दिलं होतं. त्याला गाडी लागायची. मळमळलं की लिंबू हुंगायचं. गाव लागलं की दोघांनी जागा बदलायच्या, म्हणजे खिडकीवरून भांडण नको. ज्यानं भांडण काढलं त्यानं पुढच्या गावापर्यंत आजीचे पाय दाबायचे. लोहाऱ्यापर्यंत आजीचे दोन्ही पाय दाबून झाले होते.

"गुरुजी, पोरांनी इतकी सेवा आजवर केली न्हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "रोजच भांडत जा रे."

हमरस्त्याला लागल्यावर वैजूच्या कानात वारं शिरतंय म्हणून त्यांनी सगळ्या काचा वर घ्यायला लावल्या. गाडीत ऊब झाली, त्यांना डुलकी लागली, आणि मांडीवरची भंडाऱ्याची मोठी पुडी सैल झाली. अणदुराची कमान कृष्णराजनं आधी पाहिली.

"येळकोट येळकोट!" तो ओरडला.

येळकोट म्हटल्यावर गप्प बसायचं नसतं, हे महारुद्रला आजीनंच शिकवलेलं. त्यानं जय मल्हार म्हटलं आणि पुडीत हात घालून भंडारा उधळला. मग वैजूनं. मग तिघांनी मिळून. बंद गाडीत हळदीचा ढग उठला. मला समोरची काच दिसेना.

शिवांजलीनं एकदम ब्रेक दाबला नाही. वेग कमी करत, इशाऱ्याचा दिवा लावून, तिनं गाडी सावकाश कडेला घेतली आणि उभी केली. मगच बोलली.

"कुणी डोळे चोळायचे न्हाईत. आधी दारं उघडा. महारुद्र, लिंबू कुठाय?"

"खाल्लं."

आम्ही सगळे खाली उतरलो. कस्तुराबाईंच्या भुवया, पापण्या, नऊवारीच्या निऱ्या, सगळं पिवळं. तिन्ही मुलं एकमेकांकडं बघून खिदळत होती. वैजूनं जीभ काढून दाखवली, तीही पिवळी.

"तुझं पोरांकडं ध्यानच न्हाय," कस्तुराबाई म्हणाल्या. "घरी गेलं की किल्ली दे. झाली हौस."

"बरं," शिवांजली म्हणाली. काच पुसता पुसता तिनं एवढंच जोडलं, "माझं ध्यान रस्त्याकडं होतं, आत्या. पोरांकडं तुमचं होतं."

कस्तुराबाई डोळ्यांतला भंडारा पुसण्यात फार गुंतल्या.

देवळाशी पोचलो तर गर्दी नाही. नारळाच्या दुकानात एकच म्हातारे बसलेले. आमच्या पिवळ्या वरातीकडं ते बराच वेळ पाहत राहिले.

"दर्शन चांगलं झालेलं दिसतंय," ते म्हणाले.

"अजून व्हायचंय," मी म्हणालो.

"मग इथं काय करताय? देव नळदुर्गात हाय. पुनवेला अजून चार दिस हाईत."

"आसं कसं?" कस्तुराबाई म्हणाल्या. "मागल्या साली याच दिसांत देव हितं होता."

"अवो, औंदा धोंड्याचा महिना झाला न्हवं? सगळे सणवार वीसेक दिस पुढं गेले."

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. त्या महिन्यात कस्तुराबाईंनी जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घातले होते, चांदीचं निरांजन दिलं होतं, आणि जावई किती जेवला हे गल्लीभर सांगितलं होतं. महिना वाढला हे तेवढं विसरल्या होत्या.

"आजी चुकली," कृष्णराज आनंदानं म्हणाला.

मी शिवांजलीकडं पाहिलं. सकाळी विचारलेला प्रश्न आता पुन्हा विचारायला तिला कुणाची हरकत नव्हती.

"आजी न्हाय चुकली," ती म्हणाली. "देव पुढं गेलाय, आपण मागून चाललोय. बसा गाडीत. खिडक्या बदला."

नळदुर्ग तिथून जवळच. तेवढ्या वाटेत कस्तुराबाई एकदाच म्हणाल्या, "काचा खाली घे गं. वारं येऊ दे."

देवळापुढं रविवारची झुंबड होती. तळी भरायला ताम्हण काढलं तर पुडीत भंडारा नाही. मी विकत आणायला निघालो.

"गुरुजी, थांबा," कस्तुराबाई म्हणाल्या. "देवाच्या नावानंच उधळलाय की पोरांनी." त्यांनी ताम्हण समोर धरलं, त्यात आपला पदर झटकला, मग एकेका नातवाचा सदरा झटकला. सुपारी झाकेल एवढा भंडारा जमला. पाचवा माणूस म्हणून शेजारी उभा असलेला एक मेंढपाळ आला. तळी उचलताना मुलं एवढ्या मोठ्यानं ओरडली की तोही दचकला.

परतीच्या वाटेवर तिघंही झोपले. अंगणात गाडी उभी करून शिवांजलीनं ठरल्याप्रमाणं किल्ली सासूबाईंपुढं धरली. कस्तुराबाई पायऱ्या चढत होत्या. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"चंचीत टोचती ती मला," त्या म्हणाल्या. "दाराजवळच्या खुंटीला अडकव."

आता शिवांजली रोज सकाळी मुलांना आणि गल्लीतल्या दोन मुलींना लोहाऱ्याच्या शाळेत सोडते, आणि येताना सासूबाईंची सुपारी घेऊन येते.