मोरपंखी गाडी विकली तेव्हा

आमच्या अप्पांचा भाड्याच्या गाड्यांचा धंदा होता आणि त्यात एक नियम होता: गाडी पांढरीच घ्यायची. पांढऱ्या गाडीवर धूळ फारशी दिसत नाही, ओरखडा बुजवायचा रंग कुठेही मिळतो, आणि मुख्य म्हणजे विकताना कोणी नाक मुरडत नाही. "गाडी घेतानाच ती विकायची कशी ते ठरवायचं," असं ते म्हणत. मल्लेश्वरमच्या आमच्या घरामागे त्या सगळ्या बगळ्यांसारख्या रांगेत उभ्या असत. मला त्यांचा मनापासून कंटाळा होता.

महिनाअखेरीला शोरूमवाल्यांना आपलं विक्रीचं टार्गेट गाठायची घाई असते, म्हणून अप्पा नेमके तेव्हाच खरेदीला जात. एकदम चार-पाच गाड्या घेतल्या की भाव उतरतो. अशाच एका खेपेला एक पांढरी गाडी कमी पडली आणि शोरूमवाल्याने मोरपंखी रंगाची पुढे केली. अप्पांनी हात झटकले. पूजेचं ताट घेऊन सोबत आलेली आई हळूच म्हणाली, "घ्या की हो. स्वल्प रंग असू दे अंगणात." आई एरवी कधी काही मागत नसे, त्यामुळे तिने मागितलं की अप्पांची पंचाईत होई. गाडी घरी आली.

आणि अप्पांचंच खरं झालं. महादेवपुऱ्याच्या आयटीतली मुलं शनिवार-रविवारी फिरायला गाड्या नेत, ती पांढऱ्या उचलत आणि ही मागे राही. नुसती उभी राहून बॅटरी उतरायची, त्यापेक्षा बरं म्हणून आई तिच्यावर गाडी चालवायला शिकली, पन्नाशी जवळ आलेली असताना. आधी गल्ली, मग बाजार, मग मला शेजारी बसवून थेट मावशीचं घर. आडव्या घुसणाऱ्या रिक्षावाल्यांना ती कानडीत असं काही सुनवायची, की ही आपलीच आई का असा मला प्रश्न पडे. त्या दुपारी आठवल्या की अजून हसू येतं.

भाड्याच्या गाडीचा विमा घरच्या गाडीपेक्षा महाग. तरीही दर वर्षी विमावाला तिची किंमत थोडी कमीच लिहितो. बारीकसारीक पोचा आला तर अप्पा क्लेम करत नसत, कारण क्लेम केला की पुढच्या हप्त्यातली सूट जाते. "कागदावर गाडी म्हातारी होते ते ऐकावं, डोळ्यांचं ऐकू नये," असं ते म्हणत. तीन-चार वर्षं झाली की गाडी विकून टाकायची, नाहीतर ती आपल्याला पोसायच्या ऐवजी आपणच तिला पोसत बसतो. मोरपंखीची पाळी आली. आई बाजारात पुन्हा चालत जायला लागली. ते पाहून अप्पांचं जेवणात लक्ष लागेना. पण आपणच केलेला नियम आपण मोडला असं दिसायला नको होतं. माणूस भारी हट्टी.

मग त्यांनी एक युक्ती काढली. होसकोट्याहून एक गिऱ्हाईक आलं होतं. एरवी अप्पा गाडी दाखवायला लागले की उपवर मुलगी दाखवताहेत असं वाटे. त्या दिवशी उलटी गंगा वाहू लागली. "क्लच जड झालाय, मागचं दार वाजतं, चढावर एसी दम टाकतो. आणि शेवटी भाड्याची गाडी, कोणी कुठे कशी हाणली असेल देव जाणे." सगळं खरं होतं. मी खिडकीआड ओढणी तोंडावर धरून हसू दाबत होते. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला होता.

गिऱ्हाईक गाडीभोवती एक फेरी मारून आलं आणि कानडीत म्हणालं, "सार, गाडीचे दोष सांगून गाडी विकणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. तुम्ही फोनवर सांगितलेली किंमत मला मान्य आहे. हीच द्या."

करायला गेले काय आणि झालं काय. किंमत आपण बोललेली, समोरच्याने मान्य केलेली. आता नाही म्हणणं अप्पांच्या स्वभावात नव्हतं. बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आलं, विमा नव्या मालकाच्या नावावर गेला, आणि किल्ली द्यायचा दिवस उजाडला. अप्पा किल्ली मुठीत धरून नुसते उभे. शेवटी आईनेच ती त्यांच्या हातातून सोडवून घेतली आणि त्या माणसाला दिली.

"अण्णा, रंग तेवढा बदलू नका," ती म्हणाली.

"सरी, अक्का," होकाराची मान हलवत तो म्हणाला.

पुढे काही वर्षांनी अप्पांबरोबर होसकोट्याला गेले होते. एका कारखान्याच्या फाटकाशी ओळखीचा नंबर दिसला. गाडी पांढरी होती. कारखान्यांना साहेबांची ने-आण करायला पांढऱ्याच गाड्या लागतात, घेणाऱ्या बिचाऱ्याचा काय दोष. तेवढ्यात ड्रायव्हरने दार उघडलं. रंगाऱ्याने दाराची आतली कड तशीच सोडली होती, मोरपंखी. अप्पा तिच्याकडे बघत राहिले. आता "मी म्हणत नव्हतो?" असं ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत होते, पण परतीच्या वाटेवर ते येणारीजाणारी प्रत्येक गाडी निरखत होते.

घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "तुझी गाडी दिसली."

"रंग?" आईने विचारलं. मी मान खाली घातली.

"दार उघडं होतं," अप्पा म्हणाले. "मोरपंखी लखलखत होता."

आईने चहाचं आधण ठेवलं. चहा पिता पिता अप्पा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "महिनाअखेरीला शोरूमला जायचंय. तूही चल. एका गाडीचा रंग तू सांग."

आईने त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला. "पांढरीच घ्या," ती म्हणाली. "मोरपंखी विकताना तुम्हाला किती जड गेलं, मी पाहिलंय."