टेबल दोन : लाईन गेली

'टेबल दोन. लाईन गेली. वीस मिनिटे.'

माझ्या मोठ्या बहिणीच्या बेशुद्धीची लेखी नोंद एवढीच होती. टेबलाचा क्रमांक बरोबर होता. मिनिटेही बरोबर होती. लाईन मात्र गेलेली नव्हती.

वऱ्हाडात वीज जात नाही, लाईन जाते. अकोल्याच्या एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम मी बावीस वर्षे करते आहे आणि गावोगावच्या बातमीदारांनी लिहिलेले 'लाईन गेली' खोडून 'वीजपुरवठा खंडित' करण्यात त्यातला बराच वेळ गेला आहे. आमच्या टेबलावर एक जाड वही असते. कोणता शब्द कसा वापरायचा, कोणता टाळायचा, हे तीत लिहिलेले असते. त्या वहीत सर्वांत जास्त जागा 'ब्लॅकआउट' या शब्दाने खाल्ली आहे आणि अक्षर बहुतेक माझेच आहे. अख्ख्या जिल्ह्याची वीज गेली तर हा शब्द चालेल, एका पेठेची गेली तर चालणार नाही. प्रशासन भोंगा वाजवून दिवे बंद करायला लावते त्या सरावालाही ब्लॅकआउट म्हणतात; तिथे 'वीज गेली' लिहू नये, कारण लोकांनी दिवे स्वतः घालवलेले असतात. माणसाची शुद्ध हरपली तर 'भोवळ' लिहावे. अमरावतीच्या राजापेठेतल्या शिकवणीच्या मुली प्रश्नपत्रिका पाहून ब्लॅकआउट झाल्याचे सांगतात. ते अवतरणचिन्हांत ठेवावे.

एक अर्थ वहीत नाही, कारण तो आमचाच आहे. एका स्थानिक पुढाऱ्याने आमच्या छायाचित्रकाराला भर सभेत शिवी दिली होती. शहरातल्या बातमीदारांनी ठरवले की याच्यावर ब्लॅकआउट टाकायचा. पुढचे काही आठवडे त्याचे नाव आणि फोटो कुठेच आला नाही. एका शाळेच्या कार्यक्रमाच्या बातमीत दीपप्रज्वलन झाले, भाषण झाले, बक्षिसे वाटली गेली. हे सगळे केले कोणी ते वाचकाला कळले नाही. बातमीतले ते नाव मी स्वतः खोडले होते. माणूस हयात होता, रोज कुठेतरी भाषण करत होता, आणि कागदावर नव्हता. तेव्हा आम्हाला त्यात मजा वाटली होती.

बहिणीसाठी ब्लॅकआउट हे कापड आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पडद्यांचे कापड तयार होते. मध्ये काळा थर असलेल्या या कापडातून ऊन आरपार येत नाही. त्या मालाचे नावच ब्लॅकआउट. बहीण तिथे तपासणीला आहे. काचेच्या टेबलाखाली दिव्याच्या नळ्या पेटलेल्या असतात, टेबलावरून कापड हळूहळू सरकत जाते आणि खोली अंधारी असते. कापडात टाचणीएवढे भोक असले तर उजेडाचा ठिपका दिसतो. तिथे खडूने खूण करायची. खोलीला खिडकी नाही. पंखा आहे, पण लावला की कापड उडते आणि कडेने उजेड येतो, म्हणून तो बंद असतो. मे महिन्यात त्या खोलीत काय होत असेल, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

तिच्या सासरी भाजीचा मळा आहे. वांगी, टमाटे, मेथी. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी बसले की तीन महिने मळा रिकामा असतो आणि घर तिच्या पगारावर चालते. शिवाय नोकरी तिला आवडते. गळ्यात ओळखपत्र घालून ती बाजारातही जाते. सासू म्हणते, बाजारात तुले कोण ओळखत नाही. ती म्हणते, मले ओळखतात, माहं नाव कोणाले माहीत आहे?

मे महिन्यातल्या एका दुपारी ती टेबल दोनवर उभी असताना खाली पडली. त्याच टेबलावरच्या बायकांनी तोंडावर पाणी मारले, बाहेरच्या ओसरीत आणून निजवले. काही वेळाने तिने डोळे उघडल्यावर सगळ्या विचारू लागल्या, काय झालं वो ताई. रडारड नको म्हणून तिने थट्टा केली.

"काही नाही वो. माही लाईन गेली होती."

त्याच वेळी दाराशी रजिस्टर लिहिणारी बाई, टेबल दोन बंद का आहे, हे विचारायला आली होती. तिच्या कानावर 'लाईन गेली' एवढेच पडले. काम काहून थांबलं? लाईन गेली. तिने लिहून टाकले. यात तिचा कसलाही डाव नव्हता. वऱ्हाडात वाढलेल्या कोणीही तेच लिहिले असते.

डाव नंतर झाला. बहीण पडण्याच्या पंधरा दिवस आधी त्याच खोलीत दुसरी एक बाई पडली होती. तेव्हा तिचा उपवास होता, म्हणून पडली, असे सांगून विषय संपवला गेला आणि काहीच लिहिले गेले नाही. आता बहिणीने व्यवस्थापकाकडे जाऊन सांगितले की खोलीत दोन बाया पडल्या, हवेची काही सोय करा. त्याने रजिस्टर मागवले, पान उघडले आणि शांतपणे विचारले, कोण पडले? इथे तर तसे काही दिसत नाही. इथे लाईन गेली आहे.

हे तिने मला फोनवर सांगितले तेव्हा मी अकोल्यात कामावर होते. त्या पुढाऱ्याचे खोडलेले नाव मला तेव्हा आठवले, आणि या वेळी मजा वाटली नाही. मी म्हटले, आपण बातमी करू. बहीण आहे म्हणून मी लिहिणार नाही, अमरावतीच्या बातमीदाराला सांगते.

"पेपरात नको," ती म्हणाली. "मले रजिस्टरात पायजे."

मी कारण विचारले. तिने उलट विचारले की काल तुमच्या पेपरात तिसऱ्या पानावर काय होते, ते सांग. ते पान मीच तपासले होते. मला सांगता आले नाही. ती म्हणाली, तुमच्या पेपरात दुसऱ्या दिवशी मी मेथी बांधतो. रजिस्टर पाच वर्षं कपाटात राह्यते.

पाळी बदलताना तिने त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला. मी तो बातमी वाचते तसा वाचला. खोलीत तीन टेबले, पानावर तीन रकाने. टेबल दोनसमोर 'लाईन गेली, वीस मिनिटे'. त्याच वेळेत टेबल एक आणि तीन सुरू. त्यांचे कापडाचे मीटर पूर्ण भरलेले. तिन्ही टेबलांची वायर एकच. लाईन गेली असती तर तिन्ही थांबली असती. मी लगेच फोन केला आणि सापडलेली चूक मोठ्या उत्साहाने सांगितली.

"ते मले पह्यल्याच दिवशी दिसलं," ती म्हणाली. "भोकं पाह्याचीच नोकरी आहे माही."

रजेच्या दिवशी मी बडनेऱ्याला उतरून अमरावतीला गेले. बहिणीने नोंदीतले ते भोक दाखवल्यावर व्यवस्थापकाने आता डॉक्टरचा कागद मागितला होता. राजापेठेतल्या दवाखान्यात आम्ही दोघी बसलो. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी विचारले, ब्लॅकआउट किती होता? बहिणीने विचार करून सांगितले, रोजचा सहाशे मीटर. डॉक्टरांनी मान वर केली. मी अर्थ सांगायला तोंड उघडले, पण तिने हाताने मला थांबवले आणि आपले काम काय, खोली कशी, पंखा बंद का, पाणी प्यायला किती वेळाने सोडतात, हे सगळे स्वतः सांगितले. डॉक्टरांची घाई गेली. त्यांनी कागदावर 'उष्णता आणि अंगातले पाणी कमी झाल्याने शुद्ध हरपली' असे लिहिले. उपवासाचा उल्लेख नव्हता, कारण उपवास नव्हता. कागद घडी करताना ती मला म्हणाली, पाह्य, यानं लाईन नाही लिवली.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत मी कारखान्यात गेले. फाटकावर नाव लिहिताना 'पत्रकार' लिहिले नाही, 'बहीण' लिहिले. व्यवस्थापकाने आम्हा दोघींना खुर्च्या दिल्या, थंड पाणी मागवले. माणूस वाईट बोलत नव्हता. त्याने कागद वाचला आणि समजुतीच्या सुरात सांगितले की अशी नोंद झाली तर अडचण तुमचीच होईल. काम करताना जी पडते तिला त्या कामावर ठेवता येत नाही. तुम्ही कंत्राटावर आहात. वीज गेली असे राहू द्या, त्यात तुमचेच हित आहे.

हे खरे होते. तीन महिने रिकामा असलेला मळा मला दिसत होता. गप्प बस, असे मला तिला सांगावेसे वाटले. ते मी बोलले नाही; पण वाटले होते, म्हणून इथे लिहिते.

बहीण पाणी पूर्ण प्यायली आणि तिने पेला खाली ठेवला.

"मंग थेही लिहा," ती म्हणाली. "बाई पडली, म्हून तिले काढली. त्याच पानावर लिहा. मी सही करतो."

 व्यवस्थापकाने एकदा माझ्याकडे पाहिले. मी कोण हे त्याला ठाऊक होते की नाही, ते मी आजही सांगू शकत नाही. मग तो म्हणाला, नोंद लिहिणाऱ्या बाईला बोलावतो, ती दुरुस्त करील. बहीण म्हणाली, तिची चूक नाही, ती तिनं काहून दुरुस्त करावी? मी बोलली होती, मीच लिहितो.

रजिस्टर आले. जुनी ओळ तिने खोडली नाही. तिच्याखाली, मळ्याच्या हिशेबात वांग्यांचे क्रेट लिहिते त्याच मोठ्या अक्षरात, तिने लिहिले : 'लाईन गेली नव्हती. मी पडली होती. खोलीत हवा नाही.' खाली पूर्ण नाव आणि तारीख. प्रमाण मराठीत 'पडले होते' हवे. बावीस वर्षांच्या सवयीने माझा हात पेनाकडे गेला होता. मी तो मागे घेतला.

संध्याकाळी पाळी बदलताना, पंधरा दिवस आधी पडलेली बाई दाराशी आली. तिने रजिस्टर मागून घेतले आणि आपली तारीख शोधून त्या पानाच्या समासात एक ओळ लिहिली. ती ओळ मी पाहिलेली नाही. 'उपवास' हा शब्द तीत दोनदा आहे, एवढे बहिणीने सांगितले.

बहिणीला काढले नाही. आठ दिवस घड्या घालायला बसवले. तिथे पंखा होता, हवा होती, आणि ती चिडलेली होती. माहं टेबल मले पायजे, असे तिने रोज सकाळी जाऊन सांगितले. नवव्या दिवशी टेबल मिळाले. जूनच्या सुरुवातीला खोलीच्या मागच्या भिंतीला खिडकी पाडली. उजेड येऊ नये म्हणून तिच्यावर त्यांच्याच नापास मालाचा पडदा लावला आहे. दर दोन तासांनी टेबलाखालचे दिवे बंद करून पडदा सारतात आणि दहा मिनिटे बाया खिडकीशी उभ्या राहतात. रजिस्टरात त्याचीही नोंद होते. खिडकी पुरेशी नाही, असे बहिणीचे म्हणणे आहे आणि तेही ती लिहिणार आहे.

मी आमच्या वहीत 'लाईन जाणे' यासाठी नवी नोंद केली. 'वऱ्हाडात माणसाचीही जाते. बदलण्यापूर्वी विचारावे.' सहकाऱ्यांना ती थट्टा वाटली. मी ती खोडली नाही.

परवा वसाहतीत खरोखरच लाईन गेली. तिन्ही टेबले एकदम थांबली, नळ्या विझल्या, खोलीत काळोख झाला. दाराशी बसलेल्या बाईने रजिस्टर ओढले, पेन उघडले, आणि आत ओरडून विचारले, "कोणाची?"

अंधारातून माझ्या बहिणीने सांगितले, "या टायमाले सगळ्याइची."

बाईने तसेच लिहिले आहे.