दादानं बसवलेली पन्हळ

कुणाच्याही घरी गेले, की उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याआधी मी मान वर करून वळचणीकडे बघते. पन्हळ धड आहे का, तिच्यात पाला साचलाय का, पाणी भिंतीपासून लांब पडतंय का. सुना हसतात. "आत्याबाई, पोरगी बघायला आलोय की पत्रे?" असं एकीनं भर बैठकीत विचारलं होतं. एकदा एका भल्या माणसाला मी चहा पिता पिता सांगितलं, की तुमची मागची भिंत ओली आहे, पाहुणचार राहू द्या, आधी शिडी लावा. बिचारा ओशाळला. घरी आल्यावर मला सगळ्यांनी बोलून घेतलं. बोलू देत. ज्यांचा जन्म सिमेंटच्या घरात गेला, त्यांना भिंतीची भीती कुठून असणार?

आमचं घर आष्ट्याच्या बाजूला, पांढऱ्या मातीच्या भिंतींचं. अशी भिंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते, फक्त तिच्या डोक्यावर पाणी पडता कामा नये. दादाचं लग्न ठरलं तेव्हा आबांनी, म्हणजे वडिलांनी, जुन्या घराला लागून एक खोली काढली. जुन्या घराचं छप्पर इकडून उतरायचं, नव्या खोलीचं तिकडून, आणि दोन्हींचं पाणी मधल्या भिंतीच्या माथ्यावर यायचं. तिथं पन्हळ हवीच होती. लढाईमुळे पत्रा मिळत नव्हता. दादा पलटणीतून रजेवर आला होता. त्यानं घासलेटचे रिकामे डबे जमवले, कापून सरळ केले, सांधे कथलानं झाळून घेतले आणि स्वतः वर चढून पन्हळ बसवली. खाली उतरून म्हणाला, "आये, आता थेंब आत यायचा न्हाई." आईनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. इतकी खूश मी तिला पुन्हा कधी बघितली नाही.

वहिनी महाबळेश्वरच्या पायथ्याची. तिच्या माहेरी पावसाळ्यात भिंतींना गवताचे तट्टे बांधतात, तेव्हा कुठं घर उभं राहतं. आमच्याकडच्या सरी बघून ती मला चिडवायची, "ह्याला पाऊस म्हंता व्हय? आमच्याकडं ह्याला दव म्हंत्यात!" मी चौदा-पंधरा वर्षांची होते, ती माझ्याहून थोडीच मोठी. रजा संपेपर्यंत दादाचा आणि तिचा संसार झाला. मग तो गेला, सिंगापूरकडे. तिकडची लढाई आपले लोक हरले आणि दादा बेपत्ता असल्याचं कळलं. मेला असंही नाही, आहे असंही नाही.

आता आमच्या आळीची रीत सांगते. मृगाच्या आधी घर शाकारायला वर चढायचं ते थोरल्या मुलानं, नारळ फोडून. मुलगा एकदा चढला, की बापानं परत शिडीला हात लावायचा नाही. मजूरही लावायचा नाही. लावला, तर त्या घरातला मुलगा गेला, असा त्याचा अर्थ. पलीकडच्या घरातला मुलगा लढाईत मारला गेला, तेव्हा त्या वैशाखात त्याचा म्हातारा बाप शिडी चढताना आम्ही बघितला. बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

म्हणून आमच्या छपरावर कुणी चढेना. कौलं आतून काठीनं सरकवता येत, पण पन्हळीसाठी वरच जावं लागे. अंगणातल्या लिंबाचा पाला तिच्यात साचला, तो कुजला, पत्रा गंजला, सांधे सुटले. खोलीच्या बाजूनं भिंतीवर ओलीचा पट्टा उतरू लागला. वहिनीनं तो सगळ्यांच्या आधी ओळखला.

"आत्याबाई, पन्हळ तुंबलीया. भिंत पानी पितीया," ती आईला म्हणाली. "मामंजींस्नी सांगा की. पाला तरी काढू द्या."

"माझा ल्योक जित्ता हाय," आई म्हणाली. "त्यानं बसवलीया, त्योच येऊन काढंल."

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. वहिनीनं एकदा आईचा हात धरून तिला भिंतीपाशी नेलं आणि मातीत बोट घालून दाखवलं. बोट लोण्यात जावं तसं आत गेलं. आईनं ते बघितलं. मग वहिनीच्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "तुला लय घाई झालीया. कुंकू जड झालंय व्हय गं तुला?"

वहिनीनं बोट पदराला पुसलं. त्यानंतर मरेपर्यंत पन्हळीचं नाव तिनं काढलं नाही. मी आईवर ओरडले, तर आईनं माझ्या एक थोबाडीत ठेवून दिली. आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी सकाळी गुपचूप शिडी लावली. आई येऊन खालच्या पायरीवर बसली. "चढा," म्हणाली, "माझ्या अंगावरनं चढा आन् माझ्या पोराला मारा."  आबा शिडी उचलून गोठ्यात टाकून आले. शेतात बैलाला वेसण घालणारा माणूस, पण बायकोपुढे त्याचं काही चालेना. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही शिडी चढायची भीतीच वाटत होती, असं मला आता वाटतं.

वहिनी रात्री माझ्याजवळ माजघरात निजायची, पण दिवसा हाताला उसंत मिळाली की तिच्या खोलीत जायची. भुसा घालून माती तुडवायची आणि भिंतीच्या पायाला थापायची. वरून पाणी मुरतंय आणि ही खालून ठिगळ लावते! मी म्हटलं, "वैनी, मरू दे की ती खोली."

ती म्हणाली, "आन् त्ये आल्यावर बसतील कुठं? आत्याबाई त्येंची पन्हळ राखत्यात, मी त्येंची खोली राखते."

दादा गेल्यावरच्या चौथ्या पावसाळ्यात, श्रावणात झड लागली आणि मग एका दुपारी लख्ख ऊन पडलं. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असं आपल्याला वाटतं, पण भिजलेली भिंत पडते ती उन्हात, सुकता सुकता. वहिनी घमेल्यात माती घेऊन खोलीत गेली. मी आडावर पाणी शेंदत होते. मोठासा आवाजही झाला नाही. भरलं पोतं खाली टाकावं तेवढाच झाला. मी पळत गेले तर खोलीत आभाळ दिसत होतं. आबा आणि आळीतले बाप्ये हातांनी माती उपसत होते, आणि आई दारात उभी राहून "हळू, हळू" एवढंच म्हणत होती.

वहिनीला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. बायका म्हणाल्या, "भाग्याची गं बाई, अहेव गेली." मला त्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. आईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ते नाकावर सांडलं. ते मी माझ्या पदरानं पुसलं. त्याच दिवसांत लढाई संपल्याची बातमी गावात आली.

आणि दिवाळी झाल्यावर दादा आला.

आईचं खरं ठरलं. आळीत सगळे म्हणत होते, की तो कधीच गेला, हिनं उगाच हट्ट धरलाय. एकटी आई म्हणत होती तो येईल, आणि तो चालत दारात आला. जपान्यांच्या कैदेत तो इतका वाळला होता, की अंगावरचा सदरा दुसऱ्याचा वाटावा. आई भाकरतुकडा ओवाळायला धावली. तो तिच्या खांद्यावरून आत, दाराआड बघत होता. मग त्याला अंगणातून खोलीची पडकी बाजू दिसली. आबांनी त्याला सांगितलं.

दादा मातीच्या ढिगाऱ्याकडे गेला. पन्हळ अजून तिथंच पडलेली होती. तिलाही आईनं कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यानं ती उचलली. गंजून चाळण झाली होती, हातातच तिचा तुकडा पडला.

आई म्हणाली, "तुझ्या हातची हाय म्हून कुनाला शिवू दिली न्हाई रं."

दादानं तो तुकडा उलटासुलटा करून बघितला. आवाज न चढवता म्हणाला, "आये, घासलेटच्या डब्याचा पत्रा ह्यो. दुसरा घातला असता."

तो पुन्हा कधी छपरावर चढला नाही, आणि दुसरं लग्नही त्यानं केलं नाही. पुढच्या वर्षापासून मृगाच्या आधी आई स्वतः काष्टा खोचून शिडी चढायची आणि वळचणीचा पाला हातानं काढायची. बाईमाणूस छपरावर, पण आळीत कुणी तिला अडवलं नाही. दादा खाली शिडी धरून उभा राहायचा. आई पाला टाकायची, तो उचलायचा.