देवचाराच्या वाटेवरची पेटी

आबामास्तर गेल्याची बातमी मला बाजारात कळली आणि मासळी घेऊन घरी पोचतो तोच शोकसभेचा निरोप आला. सभेत कुणीतरी त्याला हवामानाचा तपस्वी म्हटलं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, गहिवरलो... गहिवर कसला, हसू दाबत होतो.

आबा माझा बालमित्र. पुढे एकाच शाळेत आम्ही मास्तर झालो. तो शास्त्र शिकवी, आणि शाळेच्या उघड्या मैदानातल्या हवामान केंद्राचं तापमान रोज पुण्याला कळवी. पायांवर उभ्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत तापमापक असत. वर्गात भुताखेतांची टर उडवणारा हा गृहस्थ! एका शिमग्यात गावकऱ्यांनी त्याला सांगितलं, पेटी देवचाराच्या वाटेत येते. गावाचा हा राखणदार रात्री ज्या वाटेनं फिरतो, तिथं आमच्याकडे कुणी खुंटी ठोकत नाही. आबा हसला. त्याच आठवड्यात त्याची म्हैस मेली, आणि दुसऱ्या दिवशी पेटी थेट त्याच्या पडवीलगत फणसाच्या गर्द सावलीत आली. पुण्याला अवाक्षर कळवलं नाही. वर पडवीतली त्याची खुर्ची पेटीपासून चार हातांवर, म्हणजे उन्हात तंगडतोड वाचली ती वेगळीच.

सावलीत पारा उतरणारच. काही वर्षांनी पुण्याहून एक तरुण संशोधक आला. सगळ्या किनाऱ्याची तापमानं तो जुळवत होता, आणि आमच्या मालवणच्या दुपारी एकाएकी कशा निवल्या हे बिचाऱ्याला उमगत नव्हतं. पेटी कधी हलवली होती का, एवढंच त्यानं विचारलं. "छे, जागच्या जागी आहे," आबा शुद्ध मराठीत म्हणाला. पाहुणा गेल्यावर आबानंच मला हे सांगितलं.

"खोटा कित्याक सांगितलंस?" मी विचारलं.

"मग काय सांगू? शास्त्राचो मास्तर देवचाराक भियालो?"

मी स्वतः पुण्याला खरं लिहिलं. उत्तर आलं, नेमलेल्या निरीक्षकाचाच शब्द ग्राह्य. धन्य ते विद्वान! मालवण थंड होत चालल्याचा लेख रीतसर छापून आला, आणि आबानं तो चौकट करून भिंतीला लावला.

आता त्याच्या जागी घाटावरचा मास्तर आलाय. त्यानं नियम वाचून पेटी पुन्हा मैदानात रोवली. त्याला काही झालं नाही, पारा मात्र चढला. कळवायचं तरी काय? कागदोपत्री पेटी हललीच नव्हती. म्हणजे आबा गेला आणि मालवण तापू लागलं, असं आता कायमचं नोंदलं जाणार.

परवा दुपारी त्या रिकाम्या पडवीत जाऊन बसलो. फणसाची सावली अंगावर होती... जागा खरंच गार आहे. तेवढंच एक तू खरं टिपलं होतंस, लबाडा.