आईचा फोटो जास्त चालतो

रत्नागिरीत घरोघरी फोनच्या तारेतून इंटरनेट येऊ लागलं त्या काळात, म्हणजे दोन हजार सातच्या आसपास, आमच्याकडे ब्लॉगरांचा एक मेळावा भरत असे. महिन्यातला एक रविवार, एका खाणावळीच्या वरचा हॉल. खालून बांगडे तळल्याचा वास यायचा आणि वर पंचवीस-तीस माणसं अमेरिकेतल्या लोकांना काय विकावं याची चर्चा करायची. विकायला माल यांच्याकडे नसे. कंपनी कुठली तरी, बाटली तिची, गिऱ्हाईक तिसऱ्या देशातलं. यांनी आपल्या ब्लॉगवर त्या वस्तूची स्तुती लिहायची आणि खाली लिंक द्यायची. त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की यांना कमिशन. याला ते अॅफिलिएट मार्केटिंग म्हणत. आमच्याकडे लग्नं जुळवणारे हेच काम करत आले आहेत. फरक एवढाच की लग्न जुळवणारा निदान मुलगी पाहून आलेला असतो.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. या मंडळींत माझा शिरकाव झाला तो शेजाऱ्यामुळे. शेजारच्या घरात एक काकी आणि तिचा तिशीतला मुलगा असे दोघेच राहत. मुलगा काही वर्षं लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता. खेडला खोली, कंपनीची बस, आणि अंगाला न जाणारा एक वास. पुढे खोकला लागला, डॉक्टर म्हणाले कंपनी सोड. सोडली. घरी येऊन त्याने कॉम्प्युटर घेतला आणि तो ब्लॉग लिहू लागला. इंग्रजी तपासायला माझ्याकडे यायचा. माणूस सरळ होता, खोकायचाही कमी, म्हणून मी तपासत गेलो.

एका मेळाव्याला मुंबईहून एक मार्गदर्शक आले होते. एप्रिलच्या उकाड्यात कोट. आधी त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला, मग त्यांनी ज्यांना पहिला चेक आला होता त्यांना शाल आणि नारळ दिला. एकाने चेकची झेरॉक्स फ्रेम करून आणली होती. तिलाही हार घातला. मग मार्गदर्शक बोलायला उभे राहिले.

"रिव्ह्यूत माणूस हवा," ते म्हणाले. "औषध चांगलं आहे, एवढ्याने कोण घेणार? घरातलं माणूस आणा. काका चालतो, बायको चालते. पण माझा अनुभव विचाराल तर आईचा फोटो जास्त चालतो."

लोकांनी हे वहीत उतरवून घेतलं. मागून कोणी तरी विचारलं, "सर, आणि आई नसेल तर?"

"कोणाची तरी असेलच की."

हॉल हसला. मीही हसलो.

त्याच आठवड्यात शेजारी नवीन मजकूर घेऊन आला. साखरेच्या आजारावरची कॅप्सूल, कारलं आणि जांभूळबियांची. आमच्या आवारात दरवर्षी जांभळं पायाखाली चिरडली जात आणि त्यांची पूड बाटलीत बसून अमेरिकेहून येत होती. मजकूर म्हणत होता, माझ्या आईला साखर होती, तिने ही कॅप्सूल घेतली, ती बरी झाली. तीन वाक्यं, चार चुका. काकीला साखर होती हे खरं; पण ती सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेत होती आणि कॅप्सूल तिने पाहिलीसुद्धा नव्हती.

चुका काढून मी थांबायला हवं होतं. पण वाचनाचा नाद वाईट. मी म्हटलं, "अरे, हे कोणाला खरं वाटेल? साखर उतरली म्हणजे नेमकं काय झालं ते दाखव." आणि दाखवलं मीच. सहा वर्षांनी यंदा आईने हापूस खाल्ला, कोय चोखून चोखून पांढरी केली आणि ती कुंपणाबाहेर फेकून लहान मुलीसारखी हसली, असं मी लिहिलं. बरं जमलं होतं. त्याने वर फोटो लावला: अंगणात काकी, तोंडभर हसताना. मोबाइलने फोटो निघतो याचंच तिला हसू आलं होतं.

त्या मंडळींत एक रीत होती. एकाने ब्लॉगवर काही टाकलं की बाकीच्यांनी खाली कॉमेंट लिहून दुजोरा द्यायचा, म्हणजे वाचणाऱ्याला गर्दी दिसते. दोन दिवसांत त्या फोटोखाली सगळ्यांच्या आया बऱ्या झाल्या. त्यांतल्या एकीच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आलो होतो.

लिंकवर गिऱ्हाइकं येऊ लागली. कंपनीने खूश होऊन तीन बाटल्या भेट पाठवल्या. त्या काकीने देवघराशेजारच्या फळीवर ठेवल्या. पोराला बक्षीस आलंय, एवढंच तिला कळलं होतं.

मे महिन्यात एका सकाळी मी काकीकडेच चहा घेत बसलो होतो. पलीकडच्या घरातली भाभी धावत आली. तिचा नवरा मस्कतला होता.

"काकी, ह्यांचा फोन आलेला आता. तुमचा फोटो कॉम्प्युटरात दिसला म्हणतात! तिकडे मस्कतमध्ये! खरं सांगा, त्या गोळीने साखर उतरली तुमची? ह्यांची तर तीनशेच्या खाली येत नाय. मागवू म्हणतात."

काकीला काही समजलं नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने मुलाकडे पाहिलं. मुलगा स्क्रीनकडे पाहत होता. मी कपात पाहत होतो.

"उतरली तर," काकी म्हणाली.

"आणि आंबा खाल्लात?"

काकीने पदराने तोंड पुसलं. "खाल्ला ना. गोड होता."

भाभी आनंदाने गेली. मुलगा मागच्या दाराने बाहेर निघून गेला. काकी माझ्यासमोर येऊन बसली.

"मास्तर, काय लिवलंय माझ्या नावाने?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं असं म्हणता येणार नाही. आंबा कोणी लिहिला ते गाळलं. ती ऐकत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"शेजारणीला मी व्हय म्हटलंय," ती म्हणाली. "आता तसं करायला नको? उद्या कोणी म्हणेल, म्हातारी खोटं बोलली, पोरगा खोटं लिवतो."

"म्हणजे काय करणार?"

"बाटल्या आहेत की फळीवर. बक्षिसाच्या."

मला तो विनोद वाटला. मी हसून कप खाली ठेवला.

त्यानंतरचं मला क्रमाने आठवतं. काकीच्या अंगणात आंब्याच्या कोया दिसू लागल्या. तिच्या हाताशी सदा पाण्याचा तांब्या असे, आणि तो सदा रिकामा. मागच्या मोरीकडे मुंग्यांची रांग लागली; काकीने हळद टाकली, रांग वळसा घालून पुन्हा मोरीत गेली. साखरेच्या माणसाच्या मोरीला मुंग्या का लागतात हे आमच्याकडे कोणालाही विचारा. मीही ते जाणत होतो. ओहोटीला खाडीवर कालवं काढायला गेली असताना तिच्या तळपायात शिंपला घुसला. एवढा घुसला, तरी घरी येईपर्यंत तिला पत्ता नव्हता. ओटीवरचं रक्त मी दाखवलं तेव्हा तिने खाली पाहिलं.

"दुखत नाय ओ," ती म्हणाली, आणि मला वाटलं, हे चांगलंच झालं. इतका शहाणा मी.

जूनच्या शेवटी एकदा मी मुलाला विचारलं, "काकी दवाखान्यातल्या गोळ्या घेते ना?"

"घेते की."

"तू पाहिलंस?"

त्याने माउस बाजूला सरकवला. मग म्हणाला, "सर, मलाही शंका आहे. विचारलं तर म्हणते, तुझं तू बघ. पण पुढच्या मेळाव्यात माझा सत्कार आहे. मार्गदर्शक येतायत, आईला घेऊन ये म्हणालेत. आत्ता ती पोस्ट काढली तर सगळेच विचारतील, का काढली. एवढा मेळावा होऊ दे. दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेतो, आणि पोस्टही काढतो."

"किती दिवस आहेत?"

"नऊ."

नऊ दिवस काही फार नाहीत, असं मी म्हणालो. हे माझे शब्द आहेत. आठवणीत दुसऱ्या कोणाच्या तोंडी घालायची सोय नाही.

सत्काराला हॉल भरला होता. कोट होता, हार होते, फलक होता आणि त्यावर काकीचा तोच फोटो, दारापेक्षा मोठा. काकी नवं लुगडं नेसून आली होती. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला जुन्या धोतराची पट्टी. मार्गदर्शकांनी तिला हात धरून वर नेलं, शाल पांघरली, आणि माइक तिच्यापुढे धरला.

"आई, दोन शब्द."

मी पहिल्या रांगेत होतो. एवढ्या जवळ, की पंखा तिच्यावरून फिरून माझ्याकडे आला तेव्हा मला वास आला. खालच्या मासळीचा असेल असं मी मनाला सांगितलं. पण त्या रविवारी खाणावळ बंद होती.

"साखर उतरली," काकी माइकमध्ये म्हणाली. "आंबा खाल्ला." आणि मुलाकडे पाहून थांबली, बरोबर बोलले ना, अशी.

टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थाने नाकाला रुमाल लावला आणि रुमाल तसाच ठेवून टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. पायऱ्या उतरताना काकी बसली, ती उठली नाही. मुलाने आणि मी तिला रिक्षात घातलं आणि सरळ दवाखान्यात नेलं. शाल अंगावरच होती.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि नर्सला खिडकी उघडायला सांगितलं. मग विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्या?"

"दीड-दोन महिने झाले," काकी म्हणाली.



"कोणी सांगितलं बंद करायला?"

"कोणी नाय. माझं मीच," काकी म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे वळले. मला ओळखत होते. "सर, तुमच्यासारखी शिकलेली माणसं शेजारी असताना असं होतं कसं हो?" मला उत्तर येत होतं. मी दिलं नाही. पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, आजच, उशीर झाला तर गुडघ्याच्या वरून, आणि त्याहून उशीर झाला तर काढून उपयोग नाही, असं ते म्हणाले. नर्सने संमतीचा कागद आणला, मुलाकडे पेन दिलं, काकीच्या अंगठ्याला शाई लावली.

काकीने अंगठा मुठीत लपवला.

"आधी मस्कतला फोन लाव."

"आई, काय बोलतेस? आधी अंगठा दे."

"भाभी काल सांगत होती, त्याने पण दवाखान्यातल्या गोळ्या सोडल्या. महिना झाला. काकींनी सोडल्या तर मी पण सोडतो म्हणाला." तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ आणायला सांगावं तसा. "माझ्या शब्दावर सोडल्यान. त्याला सांग, म्हातारी खोटं बोलली. मग मी अंगठा देते."

"अहो, वेळ नाही," डॉक्टर म्हणाले.

"तेच सांगतेय मी पण."

मुलगा व्हरांड्यात धावला, भाभीला फोन करून नंबर घेऊन परत आला. काकीने खूण केली तसा फोन तिच्या कानापाशी धरला. वॉर्डात शांत होतं, मला रिंग ऐकू येत होती. वाजली, वाजून थांबली. त्याने पुन्हा लावला. नर्स कागद धरून उभी होती. काकीच्या मुठीतून शाई बोटांवर पसरत होती.

"उचलत नाय," मुलगा म्हणाला.

"लाव," काकी म्हणाली.